नदीकाठच्या फुलाची धात्री : केट फर्बिश

जन्मभूमी एक आणि कर्मभूमी दुसरी, हे प्राक्तन आपल्यापैकी अनेकांच्या वाट्यास आले आहे. नव्या भूमीशी नाते जडावे कसे, याचे एक निराळेच उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडते, त्या अमेरिकेतील वनस्पतिचित्रकार केट फर्बिशबाईंचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

बाईंचा जन्म १८३४ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील एक्झिटर गावी झाला. त्या तान्ह्या असतानाच कुटुंब शेजारच्या मेन राज्यात, ब्रन्सविक येथे येऊन स्थायिक झाले. वडील दुकानदार होते. परंतु कन्येला रानावनात हिंडवून झाडाझुडपांची नावे शिकविण्याचा छंद त्यांना होता. पुढे बाईंनी बोस्टनला वनस्पतिशास्त्रावरील व्याख्याने ऐकली, चित्रकलाही आत्मसात केली. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्याजवळ नव्हती. १८७३ मध्ये वडील निवर्तले. त्यांनी मागे ठेवलेल्या पैशावर बाई स्वतंत्रपणे राहू शकल्या आणि मेनमधील प्रत्येक फुलझाड शोधून त्याचे हुबेहूब चित्र काढण्याचा संकल्प त्यांनी आयुष्यभर चालविला. दलदली तुडवीत, निबिड अरण्ये पालथी घालीत त्या एकट्या हिंडत.

१८८० च्या उन्हाळ्यात, राज्याच्या उत्तर सीमेवर सेंट जॉन नदीच्या ओल्या काठी, नेच्यासारख्या पानांचे व फिकट पिवळ्या फुलांचे एक अपरिचित झुडूप त्यांना दिसले. हे फूल पूर्वी कोणी नोंदविलेले नाही, हे त्यांच्या अभ्यस्त नजरेने ताडले. हार्वर्डचे सेरेनो वॉटसन यांनी त्याची पारख केली आणि १८८२ मध्ये त्यास बाईंचेच नाव दिले : पेडिक्युलॅरिस फर्बिशिए.

१८९५ मध्ये मेनमधील जॉसेलिन वनस्पतिसंस्थेच्या स्थापनेत बाईंचा वाटा होता. पुढे त्या संस्थेच्या अध्यक्षाही झाल्या. आपली तेराशेहून अधिक जलरंगचित्रे त्यांनी १९०८ मध्ये गावच्याच बोडन महाविद्यालयास अर्पण केली. वाळवून जतन केलेले सुमारे चार हजार नमुनेही अभ्यासकांच्या स्वाधीन केले. १९३१ मध्ये, सत्त्याण्णव वर्षांचे दीर्घायुष्य भोगून, त्यांनी ब्रन्सविक येथेच देह ठेवला.

मात्र कथा येथे संपत नाही. ते फूल नामशेष झाले, असाच तज्ज्ञांचा समज होऊन बसला होता. त्याच नदीवर डिकी-लिंकन हा प्रचंड विद्युत्-प्रकल्प योजिला गेला. त्यासाठी पाहणी करीत असता १९७६ मध्ये प्राध्यापक चार्ल्स रिचर्ड्स यांना काठावर तेच झुडूप पुन्हा आढळले. ते निःसंशय ओळखता आले, कारण बाईंच्या शोधामुळे त्याचे वर्णन व नाव शास्त्रात केव्हाच नोंदले गेले होते. १९७८ मध्ये धोक्यातील वनस्पती म्हणून त्यास कायद्याचे संरक्षण मिळाले. एका क्षुद्र झुडपापायी धरण अडावे काय, अशी टवाळीही झाली. खर्चाचे गणित, अरण्य बुडण्यास झालेला विरोध आणि हे फूल, अशा अनेक कारणांनी योजना रखडली. १९८६ मध्ये तिची मंजुरी रद्द झाली.

या फुलाचे जीवनही विलक्षण आहे. चंदनाप्रमाणे तेही आपल्या मुळांनी शेजारच्या झाडांकडून काही पोषण घेते. वसंतात वितळून वाहणारे हिमखंड काठ खरवडून मोकळा करतात, तेव्हाच त्यास नव्याने रुजण्यास जागा मिळते. म्हणूनच नुसते कुंपण घालून ते वाचत नाही. त्यासाठी नदी मोकळी वाहावी लागते.

धरणाचा वाद उद्भवला तेव्हा बाई हयात नव्हत्या. त्यांनी ना चळवळ उभारली, ना भाषणे केली. ज्या भूमीत आपण वाढलो, तिच्या तृणपर्णांची निष्ठेने ओळख करून घेतली, एवढेच. परंतु जे नावाने ओळखले जाते, तेच राखता येते. ज्या नगरांनी आम्हांस आसरा दिला, त्यांच्या नद्या, तळी आणि काठावरची रानफुले आमच्या मुलांना नावानिशी ठाऊक व्हावीत, हीच या प्रसंगी आमची मनीषा आहे.