अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

माझा धाकटा भाऊ बाळू तीन वर्षांचा आहे. आईवडील रानात कामाला गेले की त्याला मीच सांभाळते. तो सारखा हे काय, ते काय असे विचारतो. मी अभ्यासाला बसले की त्याला दटावून गप्प बसवायची. परवा अंगणवाडीच्या ताईंनी आईला सांगितले, की बाळू तिथे तोंडच उघडत नाही. मला फार वाईट वाटले. मी आमच्या बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी मला ताराबाई मोडकांची माहिती सांगितली. तीच मी येथे लिहीत आहे.

ताराबाईंचा जन्म 1892 साली मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. मुली फारशा शिकत नसत त्या काळात त्या 1914 साली बी. ए. झाल्या. पुढे राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजच्या त्या प्रमुख झाल्या. चांगली मानाची नोकरी होती. पण लहान मुलांसाठी काम करायचे म्हणून ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. तिथे छडी नव्हती, धाक नव्हता. मुले खेळत, गाणी म्हणत, गोष्टी ऐकत आणि मोकळेपणी बोलत. 1926 साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. 1936 साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला.

पण खेड्यातल्या गरीब मुलांचे काय? हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. 1945 साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. अनुताई वाघ त्यांच्या मदतीला आल्या. बालवाडी तर सुरू झाली, पण आदिवासी पाड्यावरची मुले काही येईनात. कोणाला गुरे राखायची, कोणाला माझ्यासारखे धाकटे भावंड सांभाळायचे. मग ताराबाईंनी ठरवले, मूल शाळेत येत नसेल तर शाळाच मुलाकडे न्यायची. घरापुढच्या अंगणात वर्ग भरू लागला. तीच अंगणवाडी! गुराख्यांसाठी कुरणात शाळा भरली, ती कुरणशाळा. महागडी खेळणी कुठून आणणार? शिंपले, खडे, पाने, फुले, बिया हीच साधने झाली. 1957 साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. त्यामुळे भावंडाला घेऊन आलेल्या मुलीलाही शिकता येई.

मला वाटते, अंगणात शाळा नेण्यात मोठे शहाणपण होते. वारली मुलांची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. परक्या खोलीत मूल गप्पच राहणार. पण आपल्या अंगणात, आपल्या हातातल्या शिंपल्याविषयी कोणी प्रेमाने विचारले, तर ते बोलेलच की!

ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळाले. 1973 साली त्या वारल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

आता मी बाळूला गप्प बसवत नाही. पाणी भरताना हंडा, कळशी, तांब्या अशी नावे सांगते. भाकरी थापताना आई त्याला पीठ कुठून आले ते विचारते. तो जात्यावरून असे सांगायचा, आता ज्वारीच्या शेतापर्यंत जातो! एक शब्द बोलला तर आम्ही त्यात दोन घालून त्याला परत देतो. बोबडे बोलला तरी हसत नाही. याला पैसा लागत नाही आणि वेगळा वेळही लागत नाही. अंगणवाडीतही तो परवा आमच्या शेळीची गोष्ट सांगून आला.

पालकांनो, आज घरी गेल्यावर आपल्या लहानग्याशी थोडे बोला, आणि त्याचे पुरते ऐकून घ्या. ताराबाईंना माझा नमस्कार.

— इयत्ता सहावीतील एक विद्यार्थिनी