एपिक्युरसची बाग

खाण्यापिण्याच्या शौकिनाला इंग्रजीत आजही एपिक्युरसचे नाव चिकटवतात. आपल्याकडे चार्वाकांची जी बदनामी झाली, तीच या ग्रीक तत्त्वज्ञाची झाली. प्रत्यक्षात हा माणूस पाव आणि पाण्यावर समाधानी असे. एकदा त्याने मित्राकडे थोडे चीज मागवले, ते कधीतरी मेजवानी करता यावी म्हणून!

इ.स.पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर त्याचा जन्म झाला. वडील शाळामास्तर. पुढे तो अथेन्सला आला आणि एक बाग विकत घेऊन तिथेच त्याने शिष्य जमवले. त्यांत स्त्रिया होत्या, गुलामही होते. मूस नावाचा त्याचा गुलाम तत्त्वचर्चेत सहभागी होई. विरोधकांना एवढे पुरले. बागेत व्यभिचार चालतो, अशा कंड्या पिकल्या. ज्यांना ज्ञानाची दारे बंद होती त्यांना कोणी आत घेतले की पहिला हल्ला चारित्र्यावर होतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

सुख हेच जीवनाचे ध्येय, असे तो उघडपणे मांडत असे. पण त्याच्या लेखी सुख म्हणजे शरीराला वेदना नसणे आणि मनाला भीती नसणे. पोटाची भूक थोडक्यात भागते. कीर्ती, सत्ता आणि संपत्तीच्या भुकेला अंत नाही. अन्याय करणाऱ्याला उघडे पडण्याची धास्ती कायम राहते, म्हणून न्यायाने वागल्यावाचून सुखाने जगता येत नाही. स्टोइकांना सद्गुण स्वतःच पुरेसा वाटे. एपिक्युरसला तो सुखासाठी हवा होता. मग ज्याला पकडले जाण्याची भीतीच नाही, अशा बलवानाचे काय? इथे त्याचे उत्तर लंगडे पडते. राजकारणापासून दूर राहण्याचा त्याचा सल्लाही चळवळीतल्या माणसाने स्वीकारण्यासारखा नाही. ज्याच्या वस्तीवर बुलडोझर येतो, त्याला बागेत बसून कसे चालेल?

मात्र तो बोलला तसा जगला. अथेन्सला वेढा पडून उपासमार झाली, तेव्हा त्याने शिष्यांना शेंगांचे दाणे मोजून वाटले, असे प्लुटार्क सांगतो. इ.स.पू. २७० च्या सुमारास मूतखड्याने तो चौदा दिवस तळमळला. त्या वेदनेतही मित्राशी झालेल्या जुन्या चर्चा आठवून त्याला आनंद होत होता, आणि दिवंगत सहकाऱ्याच्या मुलांची सोय लावण्याची काळजीही होती. मृत्युपत्रात त्याने मूससह चार गुलामांना मुक्त केले. त्यांत एक स्त्री होती. हे हयातीतच का केले नाही, असे मात्र विचारावेसे वाटते.