हिवाळी पाहुण्यांचे सखे : डॉ. सलीम अली

थंडी पडली की आपल्या तळ्यांवर, धरणांवर पाहुणे उतरतात. थापट्या, तलवार बदक, पट्टकादंब हंस हे पार हिमालयापलीकडून येतात. दलदलीवर घिरट्या घालणारे भोवत्यासारखे शिकारी पक्षीही येतात. हे पाहुणे ओळखायला आपल्याला कोणी शिकवलं? डॉ. सलीम अलींनी!

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना सांभाळले. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे भाच्याच्या हातीही छर्र्याची बंदूक आली. एकदा त्याने चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही कोणती चिमणी? मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे धाडले. तिथे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पेच्या कप्पे पाहून मुलगा हरखून गेला.

पुढची वाट सोपी नव्हती, बरं का. विद्यापीठाची पदवी नव्हती. १९२९ मध्ये ते बर्लिनला जाऊन शिकले. परतले तर संग्रहालयातली नोकरी गेलेली. मग अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले.

आता राजस्थानातल्या भरतपूरला जाऊया. तिथले पाणथळ म्हणजे राजांचे शिकारीचे ठिकाण. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, म्हणजे सलीम अलींच्या वाढदिवशीच, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथे ४,२७३ पक्षी मारले गेले! स्वातंत्र्यानंतर वेगळेच संकट आले. पाणी काढून टाकून तिथे शेती करावी, अशी मागणी होऊ लागली. सलीम अलींनी आपले वजन पाणथळाच्या बाजूने टाकले, पंतप्रधान नेहरूंचा पाठिंबा मिळवला. पाणथळ वाचले. तिथे सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. त्यातली काही बदके पुढे थेट सायबेरियात सापडली. पाहुण्यांचा पत्ता लागला तो असा.

१९८२ मध्ये भरतपूर राष्ट्रीय उद्यान झाले आणि म्हशींना चराईबंदी झाली. सलीम अलीही बंदीच्या बाजूने होते. गावकऱ्यांचा विरोध झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. नंतर सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासात दिसले, की म्हशी गेल्यावर गवत माजले, पाणी झाकले गेले आणि बदकांची अडचण झाली. हा निष्कर्ष संस्थेने लपवला नाही. २० जून १९८७ ला सलीम अली गेले, पण जे दिसेल ते लिहायचे, ही त्यांची शिस्त मागे राहिली.

अशा नोंदी म्हणूनच महत्त्वाच्या. १९६४-६५ च्या हिवाळ्यात भरतपूरला सुमारे २०० सायबेरियन क्रौंच आले होते. २००१-०२ मध्ये उरली शेवटची जोडी. त्यानंतर ते आलेच नाहीत. नोंदी नसत्या, तर आपण काय गमावले हेसुद्धा कळले नसते.

तेव्हा मित्रांनो, येत्या पक्षी सप्ताहात, ५ ते १२ नोव्हेंबरला, गावच्या तळ्यावर नक्की जा. वही घ्या. तारीख, वेळ, पक्षी किती ते लिहा. नाव येत नसेल तर रंग लिहा, चोच कशी ते लिहा. सलीम अलींची सुरुवातही एका पिवळ्या डागापासूनच झाली होती ना!