श्वासही न दिसणारा नेमबाज

एनसीसीत रायफल हातात घेतलेल्यांना हे ठाऊक असेल : नजर कितीही तेज असो, शरीर जरा हललं की नेम गेलाच. फिनलंडच्या सिमो हायहाने हे गावाकडे शिकारीतच शिकून घेतलं होतं.

१९०५ मध्ये शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा जेमतेम सव्वापाच फुटांचा मुलगा. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत फौजा देशात घुसल्या आणि सिमो कोल्ला नदीच्या आघाडीवर गेला. थंडी कधीकधी उणे ४० अंशांपर्यंत. पांढरे कपडे घालून तो बर्फात तासन्‌तास निश्चल राहायचा. रायफलला दुर्बीण नको, हा त्याचा हट्ट. कारण दुर्बिणीसाठी डोकं जास्त वर काढावं लागतं, शिवाय काच चमकते आणि तिच्यावर दव धरतं. नळीपुढचा बर्फ तो थापून घट्ट करायचा, म्हणजे बार काढल्यावर भुगा उडत नाही. तोंडात बर्फ धरायचा, म्हणजे श्वासाची वाफ दिसत नाही.

शंभरेक दिवसांत त्याने पाचशेवर सैनिक टिपले, असं मानलं जातं. ६ मार्च १९४० ला एका गोळीने त्याचाच जबडा फोडला. शुद्ध आली १३ मार्चला, युद्ध थांबलं त्याच दिवशी.

नंतर कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या, मग पुन्हा शेती, शिकार आणि कुत्रे. २००२ मध्ये, ९६ व्या वर्षी तो गेला. त्या आकड्याचा तोरा त्याने कधी मिरवला नाही. आपल्यासमोर रेंजवर पुठ्ठ्याचं टार्गेट असतं, त्याच्यासमोर माणसं होती. त्याच्या स्थिर हाताचं कौतुक करताना एवढं विसरू नये.