नेमक्या शब्दाची साधना

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या इंग्रजीवरील प्रभुत्वाची कीर्ती सर्वदूर आहे. परंतु त्या प्रभुत्वाचा पाया परदेशातील विद्यापीठांत नव्हे, तर घरातच घातला गेला. तो घालणारे होते त्यांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. रामजी हे पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. हॉवर्डची इंग्रजी वाचनपुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून चोख करून घेतली. मराठी वाक्याचे इंग्रजी व इंग्रजीचे मराठी करताना नेमका शब्द सापडेपर्यंत ते समाधान मानीत नसत.

हा अभ्यास वाटतो तितका सोपा नसतो. आपले ‘वाचणे’ इंग्रजीत कधी ‘टु रीड’ होते, तर कधी ‘रीडिंग’. ‘स्टॉप’ या क्रियापदापुढे पहिले रूप आले, तर माणूस वाचण्यासाठी थांबतो. दुसरे आले, तर तो वाचणेच थांबवतो. वाक्प्रचारांचे तर शब्दशः भाषांतर चालतच नाही. अशी जाण एकदा वाचून येत नाही. ती रोजच्या सरावानेच अंगी मुरते.

पुढे हे कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. भीमराव लवकर झोपत. रात्री दोनच्या सुमारास वडील त्यांना उठवीत आणि त्याच जागेवर स्वतः आडवे होत. पुस्तकांसाठी पैसे नसले, की रामजी आपल्या विवाहित मुलींकडून उसने आणीत.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये अस्पृश्य म्हणून त्यांना संस्कृत शिकू दिले गेले नाही. त्यांनी फारसी घेतली. एका भाषेचे दार बंद झाले, म्हणून त्यांनी विद्येकडे पाठ फिरवली नाही. संस्कृतही पुढे त्यांनी स्वप्रयत्नाने आत्मसात केली. मॅट्रिक झाल्यावर गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

१९१३ साली वडिलांचे निधन झाले आणि त्याच वर्षी भीमराव कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१६ साली जातिसंस्थेवरील आपला निबंध त्यांनी तेथे इंग्रजीत वाचला. १९३० साली गोलमेज परिषदेत अस्पृश्यांची व्यथा त्यांनी राज्यकर्त्यांच्याच भाषेत मांडली. मात्र स्वजनांना जागे करण्यासाठी ‘मूकनायक’ त्यांनी मराठीत काढले.

संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा या साधनेची खरी कसोटी लागली. कायद्यात ‘शॅल’ लिहिले की कर्तव्य ठरते, ‘मे’ लिहिले की केवळ मुभा उरते. एका शब्दाने दुर्बलाचा हक्क टिकतो किंवा निसटतो. अखेरीस तथागतांचा धम्म सांगणारा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथही त्यांनी इंग्रजीतच लिहिला. तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झाला.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वसतिगृहात प्रत्येकाला दिवा आहे, पुस्तक आहे, झोपायला स्वतंत्र जागा आहे. व्याकरणाचा पाठ कंटाळवाणा वाटेल, तेव्हा त्या एका खोलीत आळीपाळीने झोपणाऱ्या पितापुत्रांना आठवा आणि चुकलेले वाक्य पुन्हा एकदा लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!