एडमंड रफिन : आंबट जमिनीचा वैद्य

शिंपल्याच्या तुकड्यावर आम्लाचे चार थेंब टाकले असता तो फसफसू लागतो, हे आपल्या प्रयोगशाळेत बहुतेकांनी पाहिले असेल. शिंपल्यातील चुना, म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्ल यांची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व आम्लाचा आंबटपणा नाहीसा होतो. परीक्षेतील दोन-तीन गुणांपलीकडे या प्रयोगाला आपण फारसे महत्त्व देत नाही. परंतु सुमारे दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका तरुण शेतकऱ्याने एवढ्याच ज्ञानाच्या बळावर, उजाड होत चाललेल्या एका मोठ्या प्रदेशाच्या जमिनीचे दुखणे ओळखले आणि त्यावर औषधही शोधून काढले. त्याचे नाव एडमंड रफिन. त्याचे चरित्र निव्वळ गौरवाने सांगता येण्याजोगे नाही, हे मात्र आरंभीच सांगितलेले बरे.

रफिनचा जन्म ५ जानेवारी १७९४ रोजी व्हर्जिनिया संस्थानातील प्रिन्स जॉर्ज परगण्यात, जेम्स नदीकाठच्या एका जमीनदार घराण्यात झाला. तो तान्हा असतानाच आई वारली. मुलगा अंगाने किरकोळ. परंतु वाचनाचा नाद अतोनात. सोळाव्या वर्षी विल्यम्सबर्ग येथील विल्यम अँड मेरी कॉलेजात त्याचे नाव घातले गेले. तेथील ठरावीक अभ्यासात त्याचे मन रमले नाही आणि कॉलेज लवकरच सुटले. त्याच सुमारास वडीलही वारले. पुढे १८१२ साली इंग्लंडशी युद्ध जुंपले, तेव्हा काही महिने त्याने साधा शिपाई म्हणून चाकरी केली. आणि १८१३ मध्ये, वयाची वीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, लग्न करून कॉगिन्स पॉइंट नावाच्या वडिलोपार्जित शेतीवर तो राहावयास गेला. शेतीचा अनुभव शून्य, आणि पदरी आलेली जमीन दमलेली.

ही जमीन का दमली होती? त्या किनाऱ्यावर इंग्रज वसाहतवाल्यांनी तंबाखू लावावयास आरंभ केला त्याला तेव्हा दोनशे वर्षे होत आली होती. आपल्या निपाणीकडच्या लोकांना तंबाखूचे पीक किती खादाड असते हे सांगावयास नको. तंबाखू झाली की मका, मका झाला की पुन्हा मका, आणि शेत अगदीच पिकेनासे झाले की ते टाकून देऊन जंगल तोडायचे, असा तेथील क्रम होता. टाकलेल्या शेतांत चिडाची झाडे आणि चुक्याच्या जातीचे एक आंबट तण माजे. तोडावयास नवे जंगल उरले नाही, तेव्हा माणसेच पश्चिमेकडे निघून जाऊ लागली. घरेदारे ओस पडली. रफिननेही एकदा सारे विकून जाण्याचा विचार केला होता.

त्या काळी व्हर्जिनियातील जॉन टेलर यांच्या शेतीविषयक ग्रंथाचा मोठा बोलबाला होता. शेतात गुरे चरू देऊ नयेत, पालापाचोळा व शेणखत भरपूर घालावे, असे टेलर सांगत. रफिनने चार-पाच वर्षे हा उपाय निष्ठेने केला. खत घालावे, पहिल्या वर्षी पीक जरासे डोके वर काढी, आणि पुढच्या वर्षी जमीन पूर्ववत. दुसरा कोणी असता तर त्याने नशिबाला बोल लावला असता किंवा टेलरला. रफिनने निराळा प्रश्न विचारला : खत तेच असताना ते एका जमिनीत टिकते आणि दुसऱ्या जमिनीत का टिकत नाही?

उत्तराचा धागा त्याला एका पुस्तकात सापडला. इंग्लंडचे प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ सर हंफ्री डेव्ही यांचा कृषिरसायनावरील ग्रंथ १८१३ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात इंग्लंडमधील एका नापीक जमिनीची हकीकत होती. तिच्यात लोहाचा एक आम्लधर्मी क्षार आढळला होता आणि चुना हा त्यावरील उतारा म्हणून सांगितला होता. रफिनने कॉलेजात रसायनशास्त्राचा म्हणण्यासारखा अभ्यास केलेला नव्हता. तरी त्याने उपकरणे जमविली आणि आपल्या व शेजाऱ्यांच्या शेतांतील माती तपासावयास घेतली. लोहाचा तो क्षार त्याला आढळला नाही. परंतु एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली : नापीक मातीवर आम्ल टाकले तर ती निश्चल राही; फसफस नाही, की बुडबुडा नाही. म्हणजे तिच्यात चुन्याचा अंशच नव्हता. उलट त्या तालुक्यातील जे थोडे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या सुपीक राहिले होते, तेथे मातीत शिंपल्यांचा भुगा मिसळलेला असे. चीड आणि आंबट तण कोठे वाढतात याच्याशी त्याने हे ताडून पाहिले व निष्कर्ष काढला की, सडणाऱ्या वनस्पतींपासून उत्पन्न होणारे आम्ल या जमिनीत साचले आहे, आणि चुन्यावाचून खत घालणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतण्यासारखे आहे.

औषध तर त्याच्या पायाखालीच होते. व्हर्जिनियाचा तो किनारा लक्षावधी वर्षांपूर्वी समुद्राखाली होता. त्या वेळच्या शंखशिंपल्यांचे थरच्या थर तेथे जमिनीत गाडलेले आहेत. या शिंपलेदार मातीला मार्ल म्हणतात. मार्ल शेतात घालण्याची युक्ती रफिनची नव्हे. युरोपात ती रोमन काळापासून चालत आली आहे. परंतु ती का लागू पडते, कोणत्या जमिनीला लागू पडते आणि कोणत्या नाही, हे तपासून ठरविण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते.

१८१८ च्या फेब्रुवारी महिन्यात त्याने आपल्या शेतातील मार्लचा खड्डा खणविला, सुमारे दोनशे बुशेल मार्ल गाड्यांतून वाहविली (बुशेल म्हणजे जवळजवळ ३५ लिटरचे माप) आणि हलक्या जमिनीच्या काही एकरांवर पसरविली. शेजारचा भाग मुद्दाम तसाच ठेवला. दोहोंत मका पेरला. थोड्याच दिवसांत मार्ल घातलेल्या भागातील रोपे अधिक हिरवी व जोमदार दिसू लागली, आणि कापणीच्या वेळी तेथील पीक शेजारच्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक भरले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्याने आपल्या परगण्याच्या कृषिमंडळापुढे या प्रयोगावर निबंध वाचला. १८२१ मध्ये तो एका शेतकी पत्रात छापून आला. आणि १८३२ साली त्याचाच विस्तार होऊन चुनखतांवरील सुमारे अडीचशे पानांचा ग्रंथ झाला. १८५२ मध्ये निघालेली त्याची पाचवी आवृत्ती जवळजवळ दुप्पट मोठी होती.

आजच्या विद्यार्थ्याला या ग्रंथातील रसायनशास्त्र जुने वाटेल. आम्लता मोजण्याचे पीएच हे माप सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये सुचविले. रफिनला ते कोठून ठाऊक असणार? अतिशय आम्ल जमिनीत ॲल्युमिनियम विरघळते आणि मुळांची वाढ खुंटविते, स्फुरद अडकून पडते, ही कारणेही मागाहून कळली. परंतु त्याची कार्यपद्धती अद्याप जुनी झालेली नाही. प्रत्येक खड्ड्यातील मार्ल तो निराळी तपासी. आम्लात किती वायू निघतो त्यावरून तीत चुना किती आहे ते काढी, आणि त्या मानाने एकरी प्रमाण ठरवी. भट्टीत भाजलेला चुना जलद व प्रखर काम करतो, तर शिंपल्यांचा भुगा सावकाश परंतु दीर्घकाळ. अखंड शिंपल्यांचा तर पहिल्या वर्षी फारसा उपयोगच नाही. जितका भुगा बारीक आणि मातीत जितका सारखा मिसळलेला, तितका गुण लवकर.

त्याने आपली चूकही लपविली नाही, हे मला विशेष वाटते. उत्साहाच्या भरात काही शेतांत त्याने मार्ल फार घातली आणि तेथील पीक पिवळे पडून रोगट झाले. या अपायावर त्याने आपल्या ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरणच घातले आहे. आता आपल्याला माहीत आहे की चुना अधिक झाला म्हणजे मँगनीज, जस्त यांसारखी सूक्ष्म द्रव्ये पिकांना मिळेनाशी होतात. चुना हे अन्न नव्हे, त्याने अन्न पचते एवढेच. म्हणून चुन्यामागोमाग शेणखत आणि द्विदल पिके दिलीच पाहिजेत, हेही तो बजावून सांगे. आपल्या खानापूर तालुक्यात, तसेच गोव्यात व कोकणात पावसाने धुऊन आम्ल झालेल्या तांबड्या जांभ्या जमिनी आहेत, आणि किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करण्याची चालही जुनी आहे. तेव्हा आपल्याकडील शेतकऱ्यालाही, माती तपासल्यावाचून चुना घालू नये, हा त्याचा अनुभव उपयोगी पडण्यासारखा आहे.

१८३३ पासून १८४२ पर्यंत त्याने शेतकऱ्यांसाठी एक मासिक चालविले. १८४३ मध्ये साउथ कॅरोलायना संस्थानाने त्याला जमिनीच्या पाहणीसाठी बोलाविले. पुढे हॅनोव्हर परगण्यात पामंकी नदीच्या काठी त्याने नवी शेती घेतली. तिच्या मार्लबोर्न या नावातच मार्ल आहे. तेथील पाणथळ शेतांत चर खणून त्याने पाण्याचा निचरा केला, मार्ल घातली आणि गव्हाचे उत्पन्न कितीतरी वाढविले. त्याच्या पाठोपाठ इतर जमीनदारांनीही मार्ल घालण्यास आरंभ केला, आणि व्हर्जिनियातील जमिनीला पुन्हा किंमत येऊ लागली.

आता दुसरी बाजू. वर मी लिहिले की रफिनने खड्डा खणविला, मार्ल वाहविली. खणणारे आणि वाहणारे हात त्याचे नव्हते. ते आफ्रिकी वंशाच्या गुलामांचे होते. मार्लच्या खड्ड्यात पाणी साचे, वरची माती कोसळण्याचे भय असे, आणि हे काम बहुधा थंडीच्या दिवसांत, शेतीची इतर कामे नसताना काढले जाई. रफिन हिशेबाला चोख. किती अंतरावर, किती गाड्या, किती खर्च, हे त्याने पै-पैशाने मांडले आहे. आणि त्या हिशेबात गुलामाच्या एका दिवसाची किंमत खेचराच्या दिवसाच्या किंमतीशेजारी बसते. ज्या माणसाने नापीक जमिनीविषयी साऱ्या परगण्याचा समज खोटा ठरविला, त्याला माणसांविषयीचा आपल्या परगण्याचा समज एकदाही तपासून पाहावासा वाटला नाही. उलट जमीन पुन्हा पिकू लागली म्हणजे गुलामगिरीवर उभी असलेली दक्षिणेची समाजव्यवस्था टिकेल, हीच आशा त्याच्या शेतीसुधारणेच्या मागे उत्तरोत्तर बळावत गेली.

वयाबरोबर हा हट्ट उग्र झाला. १८५० नंतर त्याने शेतीचा कारभार हळूहळू मुलांवर सोपविला आणि गुलामगिरीच्या समर्थनाची पत्रके लिहिण्याचा सपाटा लावला. गुलामांना मुक्त करण्यासाठी शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनला २ डिसेंबर १८५९ रोजी फाशी देण्यात आली, तेव्हा ते पाहावयास मिळावे म्हणून हा पासष्ट वर्षांचा वृद्ध लष्करी विद्यालयाच्या कोवळ्या विद्यार्थ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्सटनच्या बंदरातील सम्टर किल्ल्यावर तोफा डागून दक्षिणेने यादवी युद्धाला तोंड फोडले. त्या पहिल्या तोफांपैकी एक रफिनच्या हातून सुटली. दक्षिणेत त्याचा जयजयकार झाला.

पुढची चार वर्षे त्या तोफेचे उत्तर येत राहिले. १८६२ मध्ये उत्तरेच्या फौजा व्हर्जिनियात शिरल्या, तेव्हा रफिनच्या व त्याच्या मुलांच्या शेतांवरील गुलामांपैकी पुष्कळजण संधी साधून निघून गेले. रफिनला याचे आश्चर्य वाटले. आपली माणसे आपल्याला सोडून जाणार नाहीत अशी त्याची समजूत होती. घरे लुटली गेली, कागदपत्रे विखुरली, ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त झाला. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा पराभव झाला आणि गुलामगिरी संपली. रफिनला ते सहन झाले नाही. त्याच वर्षीच्या जून महिन्यात, अमेलिया परगण्यात मुलाच्या शेतीवर असताना, एकाहत्तर वर्षांच्या या वृद्धाने स्वतःच्या हाताने आपल्या आयुष्याचा शेवट केला.

त्याला मार्लबोर्न येथे पुरले आहे. त्याच्या मृत्यूनंतर मार्लचे खड्डे हळूहळू बंद पडत गेले, कारण आता खणणाऱ्याला मजुरी द्यावी लागत होती. पुढे आगगाडीने येणारी चुनखडीची पूड आणि विकतची खते शेतकऱ्याला स्वस्त पडू लागली.