जोतीराव फुले आणि गुणांची पारख

विद्यापीठांत प्रवेश, शिष्यवृत्ति व अध्यापकाची जागा हीं केवळ गुणांवरून मिळावीं, असें म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आमचेंही तेंच म्हणणें आहे. परंतु गुण म्हणजे काय आणि ते जोखणारा कोण, असें विचारलें कीं याच मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. तळेघराहून पुण्यास शिकावयास जाणाऱ्या मुलांचा विषय निघाला कीं हें हटकून दिसतें. म्हणून कै. जोतीराव फुले यांचें चरित्र याच एका बाजूनें वाचकांपुढें ठेवीत आहों.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. थोडें लिहितांवाचतां येऊं लागतांच वडिलांनीं त्यांस शाळेंतून काढून मळ्यांत कामास लाविलें. मुलाची बुद्धि ओळखली ती गफार बेग मुनशी व लिजिट साहेब या दोघा शेजाऱ्यांनीं. त्यांनीं गोविंदरावांचें मन वळविलें आणि १८४१ सालीं जोतीराव पुण्यांत स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेले. हे शेजारी लाभले नसते, तर १८४८ सालीं भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढणारा हा पुरुष फुलांच्या मळ्यांतच राहता, आणि त्याच्या अंगीं गुण नव्हते असेंच जगानें मानलें असतें. मुंबईचें विद्यापीठ १८५७ सालीं निघालें तेव्हां ते तिशीस आले होते; पदवी त्यांनीं कधींच घेतली नाहीं.

निवडसमितीचा अनुभव मात्र त्यांस त्यापूर्वींच आला होता. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास ब्राह्मणांस दक्षिणा वांटीत. इंग्रजी अमलांत त्या पैशांतील कांहीं भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळला व त्याकरितां दक्षिणा प्राइझ कमिटी झाली. १८५५ सालीं जोतीरावांनीं तिच्याकडे ‘तृतीय रत्न’ हें नाटक धाडलें. भोळ्या कुणब्यास भिक्षुक कसा नाडतो, हा त्याचा विषय. नाटक नाकारलें गेलें. कमिटींतील ब्राह्मण सभासदांपुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, अशी तक्रार जोतीरावांनीं १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’ या ग्रंथांत नमूद केली आहे. नाटक निर्दोष आहे असा आमचा आग्रह नाहीं. त्यांतील विदूषक जरा अधिकच बोलतो. पण रचनेचा दोष निराळा आणि परीक्षकास न रुचणारा विषय निराळा. या दोहोंचा हिशेब एका वहींत मांडला कीं घोटाळा होतो.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत जोतीरावांनीं बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याची मागणी केली, हें पुष्कळांस ठाऊक आहे. शिष्यवृत्त्यांविषयींचें त्यांचें मत तितकें ठाऊक नाहीं. चढाओढीनें शिष्यवृत्त्या देणें वरवर न्याय्य दिसलें तरी तेणेंकरून इतर वर्गांत विद्या पसरत नाहीं. यास्तव ज्या वर्गांत शिक्षणानें मूळ धरलें नाहीं त्यांजकरितां कांहीं शिष्यवृत्त्या ठेवाव्या, असें त्यांनीं सुचविलें. घरीं अभ्यास करणाऱ्यांस विद्यापीठानें प्रवेशपरीक्षेस बसूं दिलें, याबद्दल समाधान दाखवून तीच सवलत वरच्या परीक्षांसही त्यांनीं मागितली. परीक्षा सोपी करा, असें त्यांनीं म्हटलें नाहीं.

आमच्या व्यापारी वाचकांस हें समजावून सांगावयास नको. तळेघरच्या डोंगरांतून बाळहिरडा खालीं येतो तेव्हां सचोटीचा व्यापारी आधीं तराजूचा पासंग काढतो, मग माल जोखतो. त्याच डोंगरांतील महादेव कोळ्याचा मुलगा डिंभें, घोडेगांव, मंचर असा उतरून पुण्यास जातो. घरांत कॉलेजाची पायरी चढणारा तो पहिलाच असला, तर त्याच्या साठ गुणांशेजारीं शिकवणीवर वाढलेल्या शहरी मुलाचे सत्तर मांडून निकाल देणारा पासंगाकडे डोळेझांक करतो. १९५० सालापासून अमलांत असलेल्या राज्यघटनेनें अनुसूचित जमातींस राखीव जागांचा आधार दिला. त्यास गुणांची हत्या म्हणणाऱ्यांनीं हंटर कमिशनपुढील तें निवेदन एकदां वाचावें. पदवीची परीक्षा सर्वांस एकच असावी, यांत आम्हांस शंका नाहीं. उंबरठ्यावरचा हिशेब मात्र वेगळा ठेवावा लागतो.

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजीं वारले. पुणें विद्यापीठ १९४९ सालीं निघालें व २०१४ सालीं त्यास सावित्रीबाईंचें नांव मिळालें. त्या व इतर सर्व विद्यापीठांच्या निवडसमित्यांनीं अर्ज मागवितांनाच कसोट्या छापून द्याव्या, मुलाखतीचे गुण कशाबद्दल दिले तें लिहून ठेवावें, आणि नाकारलेल्या उमेदवारानें मागितल्यास तें त्यास दाखवावें, एवढें आमचें मागणें आहे.